सविताबेनच्या झोपाळ्याची सळी

आमची माय माणसांचं बोलणं ऐकून घ्यायची ते केवळ रीत म्हणून. खरं काय आहे, ते ती आवाजांवरून ठरवायची. उधन्याच्या त्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो आणि चारही बाजूंना लूमची खटखट दिवसरात्र चालू असायची. नवा माणूस आला की पहिला दिवसभर कानांवर हात ठेवून बसायचा. मायला मात्र त्या खटखटीतून खालच्या नळाला पाणी आलेलं कळायचं, खालच्या कुकरची शिट्टी कळायची, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सविताबेनचा झोपाळा कळायचा. सविताबेन आमच्या गुजराती घरमालकीण. त्यांच्या ओटल्यावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, आमच्या जिन्याच्या अगदी तोंडाशी, सागवानी पाटाचा आणि भरीव पितळी सळ्यांचा मोठा झोपाळा होता. सकाळची पूजा आटोपली की त्या तिथे बसायच्या आणि एका पायाच्या अंगठ्याने जमिनीला रेटा देत दिवसभर झुलायच्या. भाजी तिथेच निवडायची, दुपारची डुलकी तिथेच. वरच्या आकड्यात सळीची कडी फिरायची आणि किर्र किर्र वाजायची. किर्र चालू म्हणजे बाई ओटल्यावर. बाई ओटल्यावर म्हणजे जिन्याने जाणाऱ्याच्या पिशवीत काय आहे त्याची तपासणी होणार. गावाहून पाहुणा आला की माय त्याला नाक्यावरच्या चहावाल्याकडे बसवून ठेवायची आणि किर्र थांबली की मगच वर घ्यायची.

हा संशय एकतर्फी नव्हता, हे न्यायाने सांगायला हवं. सविताबेनना वाटायचं, हे खानदेशी लोक आज खोलीत आहेत, उद्या घर बळकावतील. मायला वाटायचं, ही बाई आज गोड बोलते, उद्या भांडी रस्त्यावर टाकेल. तरीही वाट्यांची देवाणघेवाण चालायची. खालून उंधियूची वाटी यायची, वरून शेवभाजीची किंवा वांग्याच्या भरिताची जायची, आणि वाटी रिकामी परत करायची नाही ही रीत दोन्ही बायका काटेकोर पाळायच्या. फक्त खालून आलेलं माय आधी भाऊला चाखायला द्यायची. "पोऱ्या शे, पचाडी ली," म्हणायची. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, प्रकाश. तो वाटी चाटूनपुसून साफ करायचा आणि गळा धरून खाटेवर आडवा पडायचा. माय किंचाळायची, आमचे वडील, आबा, पेपरामागून हसायचे. आबा पांडेसऱ्याच्या डाईंगमध्ये होते. त्यांच्या नखांत कधी गुलाबी, कधी हिरवा रंग असायचा. घरातले वाद त्यांनी केव्हाच मायच्या स्वाधीन केले होते. भाऊ लूमचा फिटर होता. खांद्याला कायम हत्यारांची पिशवी आणि तोंडाला लगाम नाही. मी इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकत होते. त्या वर्गात मुली म्हणजे आम्ही दोघीच. मी तिथे जावं म्हणून घरात सगळ्यांत मोठ्याने भांडला तो भाऊ.

एका हिवाळ्यात झोपाळा गप्प झाला. सविताबेन बसलेल्या दिसायच्या, पाट हलताना दिसायचा, आवाज मात्र नाही. कोणीही म्हटलं असतं, तेल घातलं असेल. मायने ते ऐकूनच घेतलं नाही. "झोका बोलत नही आते," ती म्हणाली. "बाई आयकी ऱ्हायनी." आम्ही हसलो. मग हसमुखभाईंनी, म्हणजे सविताबेनच्या मुलाने, एक दिवस जिन्यात आबांना गाठून विचारलं की तुमचा भाचा राहायला येणार आहे ते खरं का. भाच्याविषयी आम्ही घराबाहेर एक शब्द काढला नव्हता. बोलणं झालं होतं ते वरच्या दाराशी, जिन्याच्या कठड्याला टेकून, दुपारच्या वेळी. माय त्या दिवशी जेवताना विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघत होती. "आवाज करनारा मानूस परवडस," म्हणाली, "चूप मानूस परवडत नही." त्यानंतर आम्ही महत्त्वाचं बोलणं स्वयंपाकघरात, स्टोव्ह पेटवून करू लागलो. भाऊ तेवढा मुद्दाम जिन्यात उभा राहून मोठ्याने बोलायचा. त्याचं म्हणणं, आपण चोरी करत नाही, मग ऐकू दे की.

मग आखाजी आली. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात आणि दिवसभर गाणी म्हणत झुलतात. उधन्यात झाड कुठून आणायचं? माझ्या दोन्ही मावश्या आणि त्यांच्या मुली आल्या होत्या. हातांना मेंदी, पोटात पुरणपोळी आणि आंब्याचा रस, आणि झोका नाही म्हणून सगळ्या हिरमुसलेल्या. सविताबेन हवेलीत, म्हणजे त्यांच्या कृष्णाच्या देवळात, दर्शनाला गेल्या होत्या. कोणी सुचवलं ते आजही कोणी कबूल करत नाही, पण थोड्या वेळाने सगळी पलटण त्यांच्या पाटावर होती. काही बसलेल्या, धाकटी मावशी आणि तिची मुलगी दोन टोकांना उभ्या राहून उंच उंच झोके घेत होत्या, गाणं नाक्यापर्यंत ऐकू जात होतं. सविताबेन फाटकातून आत आल्या आणि हातातल्या प्रसादासकट जागच्या जागी थिजल्या. दुसऱ्या दिवसापासून झोपाळ्याच्या पाटावर, त्या नसताना, दोन मोठ्या कुंड्या ठेवलेल्या असायच्या. वाट्या येणं-जाणंही बंद झालं. हसमुखभाई येताजाता म्हणायचे, त्या दिवशी हिंचको ढिला करून टाकला तुम्ही लोकांनी.

पुढच्या थंडीत भाऊचं आणि हसमुखभाईंचं फाटकाशी कडाक्याचं भांडण झालं. निमित्त गच्चीच्या कुलपाचं होतं. शेवटी हसमुखभाई पाटावर जाऊन बसले आणि झुलत म्हणाले, खोली खाली करा, मला गोडाऊन करायचंय. भाऊ गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "झूलते रहो सेठ, एक दिन गिरोगे." दुसऱ्याच दिवशी दुपारी खाली धाडकन आवाज झाला. आम्ही धावत उतरलो. पाटाचं एक टोक जमिनीला टेकलेलं, एक सळी वरच्या बाजूला तुटलेली आणि सविताबेन फरशीवर कण्हत पडलेल्या. मनगट मोडलं होतं, कमरेला मार होता. मायने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडाला पाणी लावलं. रिक्षा आणायला धावला तो भाऊच.

संध्याकाळी हसमुखभाई हॉस्पिटलातून परतले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत वेगळंच काही होतं. त्यांनी सळीचा खालचा तुकडा उचलून नीट बघितला होता. पाटापासून सोडवलेला तो तुकडा टॉवेलात गुंडाळून ते वर आले आणि नेमका माझ्या नाकासमोर धरला. "तुं भणेली छे ने, बेन? जो. आ तूटेलो नथी, कापेलो छे." मी बघितलं. तुटलेलं तोंड खरोखरच सपाट होतं, गुळगुळीत, बरंचसं काळपट. ओढून तुटलेला धातू मान बारीक करून तुटतो. इथे तसं काही नव्हतं. मधून एक खडबडीत पट्टा तेवढा सोन्यासारखा लखलखत होता. हसमुखभाईंचा हिशेब सरळ होता. दोन्ही बाजूंनी करवतीने कापत आणलं, मध्ये जरासं ठेवलं, आई बसली आणि तुटलं. लोखंड कापायची करवत गल्लीत कोणाच्या पिशवीत असते? आणि आदल्या दिवशी कोण काय बोललं होतं? आई घरी आली की सोमवारी आपण पोलीस चौकीत जाणार, असं सांगून ते तुकडा घेऊन खाली गेले. पोलिसांच्या भानगडीतल्या फिटरला उधना-बमरोलीत एकही लूमवाला दारात उभा करत नसे. भाऊचं सगळं आयुष्य त्या टॉवेलात गुंडाळलेलं होतं आणि तो बापडा खाटेवर बसून म्हणत होता, "मी हातबी नही लावा त्याले." आबा नुसते मान हलवत होते. मायने त्याच्याकडे एकदा रोखून बघितलं आणि भाकरी थापायला बसली.

त्या गुळगुळीत तोंडावर मला आणखी काहीतरी दिसलं होतं. दोन्ही कडांपासून आत येणाऱ्या बारीक वक्र रेघा. ओहोटीला डुमसच्या वाळूवर पाणी हटत जाताना रेघा उमटतात, तशा. करवतीचे ओरखडे सरळ असतात. पण भाऊसाठी मला त्या रेघा दिसायला हव्या होत्या, आणि जे दिसायला हवं असतं ते माणसाला दिसतंच, हेही मला कळत होतं. मायच्या पोटची मी. माझा स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी मी वहीच्या पानावर ते तोंड काढून कॉलेजात सरांना दाखवलं. आमच्या प्रयोगशाळेत एक जुनं यंत्र होतं. धातूची कांडी त्यात बसवायची, टोकाला वजन लटकवायचं आणि मोटर चालू करायची. कांडी फिरत राहायची, प्रत्येक फेऱ्यात एकदा इकडून आणि एकदा तिकडून वाकायची. वजन इतकं किरकोळ असायचं की नुसतं लटकवलं तर जन्मभर काही झालं नसतं. पण ते येऊन-जाऊन, येऊन-जाऊन, एखाद्या दिवशी कांडी आवाज न करता दोन तुकडे व्हायची. धातू दमतो, असं सर म्हणायचे.

सरांनी चित्र उलटंसुलटं करून बघितलं. त्या रेघांमध्ये एक रेघ जाड होती आणि तिच्यापुढे बऱ्याच बारीक रेघा एकमेकींना खेटून होत्या, मग पुन्हा विरळ झाल्या होत्या. ती मी आठवणीने काढली होती. सर म्हणाले, मध्येच कधी या झोपाळ्यावर फार मोठा भार आला होता का? मी ओशाळून आखाजीची हकिगत सांगितली. म्हटलं, म्हणजे हसमुखभाई म्हणतात ते खरं, आमच्याच बायकांनी ढिला केला. सर हसले. "ते उलटं असतं कधीकधी. तडा आधीपासून असेल, तर अचानक आलेला मोठा भार तड्याच्या टोकाशी धातू ताणून ठेवतो. भार उतरला की भोवतालचा धातू त्या ताणलेल्या जागेला दाबून धरतो. मग रोजच्या लहान भाराने तडा काही काळ पुढे सरकत नाही, किंवा अगदी रांगत सरकतो. त्या दिवशी तुटला असता तर गोष्ट वेगळी. तुटला नाही, तर तुझ्या मावश्यांनी त्याचं आयुष्य वाढवलंही असेल. छातीठोकपणे मी सांगत नाही." मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "भार किती, हे सगळेच विचारतात. तू हे बघ की भार येतो-जातो कसा. झोपाळ्याची कडी आकड्यात मोकळी फिरत असेल, तर सळी नुसती ताणली जाते. भरीव पितळेला एका बाईच्या वजनाचं काय? तुझी सळी वाकत होती. ती का वाकत होती?"

पुढे माझी सगळी नोकरी याच प्रश्नावर झाली. पुण्यात एका कारखान्याच्या तपासणी विभागात तुटलेले आस, तुटलेल्या स्प्रिंगा माझ्या टेबलावर यायच्या आणि प्रत्येकाबरोबर एक संशयित यायचा. ड्रायव्हर दोषी, वेल्डर दोषी, नाहीतर माल देणारा दोषी. मी भिंगातून बघायला लागले की लोकांना राग यायचा, कारण त्यांचा निकाल आधीच लागलेला असायचा. आता निवृत्तीनंतर घरात खुर्ची कुरकुरली तरी नवरा म्हणतो, जा, चौकशी कर. त्याला गंमत वाटते. मला त्या वेळी गंमत अजिबात वाटत नव्हती, कारण सोमवार तोंडावर आला होता.

रविवारी दुपारी मी खाली गेले. सविताबेनना सकाळीच घरी आणलं होतं. ओटल्याला लागून असलेल्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर त्या हाताला प्लास्टर घालून पडल्या होत्या. सळीचा खालचा तुकडा कपाटात कुलूपबंद होता. वरचा तुकडा मात्र आकड्यात तसाच लोंबकळत होता. इतक्या दिवसांत मान वर करून कोणी बघितलंच नव्हतं. मी त्यांचं स्टूल ओढलं आणि चढले. वरच्या तुकड्याच्या तोंडावरही त्याच वक्र रेघा होत्या. मग मी सळी हलवून बघितली. कडी फिरेना. कडी आणि आकडा यांच्या मधल्या जागेत सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि तिच्यावरून चिंधी अशी घट्ट ठोकून बसवली होती की दोन्ही मिळून एकच वस्तू झाली होती. पाट पुढे गेला की कडी फिरायच्या ऐवजी सळीची मान वाकत होती, मागे आला की उलटी वाकत होती. तार वाकवून वाकवून तोडतो, तशी ही पितळेची मान बाई स्वतःच रोज, दिवसभर, अंगठ्याच्या रेट्याने वाकवत होत्या. दुसऱ्या बाजूच्या कडीतही तीच चिंधी. फिकट जांभळ्या काठाची. सविताबेनच्या जुन्या साडीचा तो काठ मी ओळखत होते, आणि खिडकीतून त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

तेवढ्यात हसमुखभाई आतून ओरडत आले. पुराव्याला हात लावते म्हणून त्यांनी असा गलका केला की वरून माय, आबा आणि भाऊ तिघंही खाली उतरले. मी स्टुलावरून उतरले आणि म्हटलं, तुम्हीच चढा आणि कडी फिरवून दाखवा. ते चढले. जोर लावला, कडी हलली नाही. मी त्यांना रेघा दाखवल्या, करवतीची रेघ आणि ही रेघ यांतला फरक सांगितला, काळा पडलेला भाग जुना आणि चकाकणारा भाग त्या दिवसाचा हे सांगितलं. म्हटलं, एका रात्रीत कापलेलं पितळ आतून काळं कसं पडेल? पितळेचा काळा रंग त्यांना पटला; त्यांच्या घरी देवाची भांडी पितळेचीच होती. पण माणूस हट्टी. चिंधी उपसून हातात घेतली आणि भाऊकडे वळले. "तो आ कोणे नाख्युं? फिटरनुं ज काम छे आ."

"में खोस्युं छे," खिडकीतून आवाज आला.

सगळे वळले. सविताबेन कोपरावर उठून बसायचा प्रयत्न करत होत्या. किचूड किचूड व्हायचं, म्हणून दुधवाल्या पोराला चढवून बसवून घेतलं, असं त्या म्हणाल्या. हसमुखभाई म्हणाले, वर्षानुवर्षं होत होतं, तेव्हा त्रास झाला नाही, मग एकदम कसा व्हायला लागला? बाईंना खोटं बोलता आलं असतं, आणि ते खपलंही असतं. त्यांनी मायकडे बघितलं आणि म्हणाल्या, "उपर शुं वात थाय ते संभळाय नहीं, एटले." वर काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं, म्हणून. मायने पदर कमरेला खोचला. तिची इतक्या दिवसांची शंका भर ओटल्यावर खरी ठरली होती. तिने तोंड उघडलं, पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. चौकीत जायचं त्यांना या गलक्यातूनच कळलं होतं आणि त्या हसमुखभाईंवर संतापल्या होत्या. "अने चौकीमां कोने लई जाय छे? ए छोकरो आवुं करे नहीं. रोज सांभळुं छुं ने एने. बेनने भणाववानुं बोले छे, माने वढवा नथी देतो. एने हुं ओळखुं छुं." हा पोरगा असं करणार नाही, रोज ऐकते ना मी त्याला, बहिणीला शिकवा म्हणतो, आईला कोणाला ओरडू देत नाही. भाऊचे कान लाल झाले. हसमुखभाई स्टुलावर बसले. मग घरात वळून म्हणाले, चा मूको, चहा ठेवा.

त्या संध्याकाळी आमच्या घरात सण होता. मायने खापर काढलं, पुरणाचे मांडे केले, खाली वाटी नव्हे तर ताटच पाठवलं. ती इतकी सुटल्यासारखी बोलत होती की थांबेना. बाईची नक्कल करून झाली, हसमुखभाईंची झाली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडून झाली. मग भाऊच्या ताटात दूध वाढता वाढता, मोठ्या चतुराईची गोष्ट सांगावी तशी, हसत म्हणाली, "आनि मी काय कमी शे का? मी तं त्याच रातले तुन्या पिशवीमातली करवत काढी लिधी, नि सकायमा खाडीमा टाकी वनू. पोलीस येतात तं त्यास्ले काय सापडतं?"

आबा हसले. मीही हसले. भाऊने हातातला घास ताटात ठेवला. करवत कारखान्यात कोणी ढापली असं समजून तो दोन दिवस सगळ्यांशी भांडत होता.

"तुले वाटनं, मी कापी?"

"तसं नही रे भाऊ. माय शे मी तुनी. वाचाडाले टाकी."

"वाचाडाले. माले इचारं का तू? एक डाव तरी इचारं?"

मायच्या हातातली दुधाची वाटी तशीच तिरकी राहिली. तिने कधी कोणाला विचारलंच नव्हतं. कान देऊन जे कळेल त्यावर तिचा संसार चालला होता. भाऊ चिडला असता, ताट लोटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. त्याने शांतपणे हात धुतले, कोपऱ्यातली पिशवी उचलली आणि आतली हत्यारं एकेक करून बाहेर काढून पुन्हा नीट लावायला लागला. पुढच्याच आठवड्यात त्याने बमरोलीला कारागिरांबरोबर खोली घेतली, तेव्हा सगळ्यांना कामाला जवळ पडतं असंच सांगितलं. पण त्या संध्याकाळी पिशवीचा बंद आवळताना, मान वर न करता, तो एवढंच म्हणाला, "खालन्या बाईले मालूम व्हतं, माय."